डी प्लस म्हणजे डीच

यंदाच्या गुढीपाडव्याला मंडळाच्या कार्यक्रमात मी पेढ्यांचा डबा फिरवला. थोरल्याला युसीच्या, म्हणजे युनिव्हर्सिटी ऑफ कॅलिफोर्नियाच्या, हव्या त्या कॅम्पसमध्ये प्रवेश मिळून जेमतेम आठवडा झाला होता. ओळखीच्या, बिनओळखीच्या सगळ्यांना पेढा दिला. पुढे बरोबर अठरा दिवसांनी, १७ एप्रिलला, कळलं की डब्याची जरा घाईच झाली.

त्यानंतरचे चार महिने आमच्या घरात जे चाललं, ते मुलाला विचारूनच लिहिते आहे. त्याची अट एकच, नाव, शाळा आणि कॅम्पस सांगायचं नाही. मान्य. रात्री जागून मी माहिती शोधत होते तेव्हा मराठीत एक ओळ मिळाली नाही, आणि ओळखीत कुणाला विचारायचं तर ज्यांना पेढे दिले तेच सगळे समोर.

भारतातून इथे अमेरिकेत आलेल्या पालकांच्या अंगवळणी एक गोष्ट लवकर पडत नाही. आपल्याकडे आधी निकाल, मग प्रवेश. इथे प्रवेश मार्चमध्ये मिळतो आणि बारावी संपते जूनमध्ये. मधले अडीच महिने पोरं घोड्यावरून उतरलेल्या नवरदेवासारखी असतात, सगळं पार पडलं अशा थाटात. त्याला इथे ‘सीनियरायटिस’ म्हणतात आणि सगळे हसतात. मीही हसले होते.

त्यातून युसीची पद्धत आणखी निराळी. अर्ज नोव्हेंबरअखेर भरायचा, एका कॅम्पसचे ८० डॉलर. आम्ही सहा भरले, म्हणजे ४८० डॉलर तिथेच गेले. अर्जासोबत शाळेचं ट्रान्सक्रिप्ट, म्हणजे अधिकृत गुणपत्रक, मागतच नाहीत. नववी ते अकरावीचे ग्रेड मुलाने स्वतः टाइप करायचे, आणि जीपीए (ग्रेडची सरासरी) धरतात तो दहावी-अकरावीचा. बारावीचे फक्त विषय लिहायचे: अमुक घेतलंय, तमुक घेणार आहे. म्हणजे विद्यापीठ तुमच्या शब्दावर प्रवेश देतं आणि खरा कागद पहिल्यांदा बघतं ते जुलैमध्ये. म्हणून प्रवेशाला ‘प्रोव्हिजनल’, म्हणजे तात्पुरता, हा शब्द चिकटलेला असतो. मार्चमध्ये स्क्रीनवर रंगीत कागदाचे कपटे उडत असताना तो शब्द कोण वाचतं? चिरंजीवांनी अटींच्या पानावर खाली जाऊन खूण केली, आम्ही २५० डॉलर भरून जागा पक्की केली आणि मी पेढ्यांच्या तयारीला लागले.

१७ एप्रिलला शाळेची ईमेल आली, ‘प्रोग्रेस रिपोर्ट’. अशा ईमेल दर सहा आठवड्यांनी येतात आणि मी त्या उघडत नव्हते. त्या दिवशी दंतवैद्याकडे बसले होते, हाताला काम नव्हतं म्हणून उघडली. एपी कॅल्क्युलस बीसी: ५८ टक्के, एफ, म्हणजे नापास. (एपी म्हणजे शाळेतच घ्यायचा कॉलेजच्या तोडीचा विषय.) मला वाटलं दुसऱ्याच कुणाचं आलंय. नाव परत वाचलं.

संध्याकाळी लेकाने शाळेचं पोर्टल उघडून दाखवलं. न दिलेले गृहपाठ अकरा. दोन चाचण्यांत पन्नाशीच्या आतबाहेर. त्यावर गैरहजेरी-उशिराचा रकाना, त्यात ‘टी’ (टार्डी, म्हणजे उशीर) अक्षरांची माळ. कॅल्क्युलस त्याचा पहिलाच तास, साडेआठचा. कॅलिफोर्नियात कायद्यानेच हायस्कूल साडेआठच्या आधी सुरू करता येत नाही, ते मुलांची झोप व्हावी म्हणूनच. आमच्याकडे तेवढीही पुरली नाही. मी सातला कामाला निघते, हा आठ पन्नासला घराबाहेर पडत होता.

“का रे?” एवढंच विचारलं.

“मला वाटलं, आता काय फरक पडतो.”

मी ओरडले नाही असं लिहायला आवडलं असतं. भरपूर ओरडले. त्याच्या बाबाने मध्ये पडून मला स्वयंपाकघरात पाठवलं आणि मग तोच ओरडायला लागला. धाकटी हेडफोन लावून बसली.

त्या रात्री पहिल्यांदा अटींचं पान नीट वाचलं. दोन पानं, साधी भाषा. ज्यांच्या घरी बारावीतलं मूल आहे त्यांनी हे पान मार्चमध्येच छापून फ्रिजवर लावावं. आमच्या पानावर होतं ते थोडक्यात असं: अर्जात लिहिलेले बारावीचे सगळे विषय पूर्ण करायचे. त्या वर्षात एकही डी किंवा एफ नको. वर्षाचा युसी पद्धतीने काढलेला वेटेड जीपीए किमान ३.०. हायस्कूलचा डिप्लोमा मिळायला हवा. अंतिम ट्रान्सक्रिप्ट १ जुलैपर्यंत, एपीचे गुण १५ जुलैपर्यंत. आणि यातलं काहीही बिघडलं, विषय सोडला, बदलला, ग्रेड घसरला, तर तुम्ही स्वतःहून लगेच कळवायचं. पानं कॅम्पसगणिक थोडी वेगळी असतात, तेव्हा आपलंच वाचायचं, मैत्रिणीच्या मुलाचं नव्हे.

मग जे सगळेच करतात ते मीही केलं, दोन वाजेपर्यंत इंटरनेटवर भीती गोळा केली. २०१७ च्या उन्हाळ्यात युसी अर्व्हाईनने जवळपास पाचशे मुलांचे प्रवेश काढून घेतले होते. त्या वर्षी अपेक्षेपेक्षा जास्त मुलांनी होकार कळवला होता. त्या पाचशेतल्या कित्येकांचे तर ग्रेड खाली गेलेच नव्हते, ट्रान्सक्रिप्ट वेळेत किंवा नीट पोहोचलं नव्हतं. गदारोळ झाल्यावर चान्सलरनी माफी मागितली आणि अनेकांचे प्रवेश परत दिले. हे वाचून बरं वाटलं की वाईट, आजही सांगता येत नाही.

शाळेच्या काउन्सेलरची भेट मिळायला अकरा दिवस लागले. २८ एप्रिलला गेलो. बाईंच्या दारावर पिवळ्या कागदांची रांग, एकेका मुलाचं एकेक काम. आमच्यासाठी वीस मिनिटं होती आणि त्यांनी ती वाया घालवली नाहीत. मी विचारलं, विषयच सोडून दिला तर? ट्रान्सक्रिप्टवर डी तरी दिसणार नाही. त्या म्हणाल्या, अर्जात लिहिलेला विषय सोडला तर तीही अट मोडते, शिवाय विद्यापीठाला विचारायला हवं होतं आणि विचारलं नाही असंही होतं. सोडू नका.

दुसरं त्यांनी सांगितलं ते मला माहीतच नव्हतं. युसी प्लस-मायनस बघत नाही. सी मायनस हा त्यांच्या लेखी सी. आणि डी प्लस हा डी. म्हणजे आमची लढाई सी सुरू होतो त्या सत्तर टक्क्यांच्या रेघेशी होती, त्याच्या पलीकडे एक टक्का पुरे आणि अलीकडे अर्धा टक्का निरुपयोगी.

तिसरं, गणिताचा एक नियम. गणितात पहिल्या सहामाहीत डी आला आणि दुसऱ्या सहामाहीत सी किंवा जास्त मिळाला, तर पहिला डी भरून निघाला असं विषयांच्या पात्रतेपुरतं धरतात. आमचं उलटं होतं. पहिल्या सहामाहीत सी, घसरण दुसऱ्या सहामाहीत. त्याच्या पुढे भरून काढायला सहामाहीच नाही. शिवाय युसीची तीन वर्षांच्या गणिताची सक्ती त्याची अकरावीतच संपली होती, म्हणून पात्रता शाबूत होती. मोडणार होती ती ‘एकही डी नको’ ही प्रवेशाची अट. दोन्ही वेगळ्या गोष्टी आहेत हे मला तेव्हा कागदावर चौकोन काढून समजावून द्यावं लागलं.

शेवटी बाईंनी सुचवलं की कम्युनिटी कॉलेजात, म्हणजे दोन वर्षांच्या स्थानिक सरकारी कॉलेजात, उन्हाळी वर्गासाठी अर्ज आत्ताच करून ठेवा. लागला तर हाताशी असेल. हा सल्ला आमच्या सगळ्यात उपयोगी पडला, आणि मी तो जवळजवळ झिडकारला होता. अर्ज करणं म्हणजे डी येणारच असं कबूल करणं, असं काहीतरी माझ्या डोक्यात.

गणिताच्या सरांकडे मात्र त्याला एकट्याला जावं लागलं. मी येऊ का विचारलं तर “प्लीज नको” म्हणाला. सरांनी अकरापैकी पाच गृहपाठ निम्म्या गुणांवर घ्यायचं कबूल केलं. त्यानंतरचे चार-पाच आठवडे पोरगा खरंच बसला. सकाळी त्याचा बाबा त्याला स्वतः शाळेत सोडून मग ऑफिसला जायचा. मे महिन्यात एपीची परीक्षा झाली, तिची ९९ डॉलर फी शरद ऋतूतच भरलेली. मेमध्येच तो अठराचा झाला. आणि अठराव्या वाढदिवसाची एक भेट आई-बापांनाही मिळते. शाळेच्या नोंदींवरचे हक्क त्या दिवशी कायद्याने मुलाकडे जातात. पुढच्या एका अर्जावर मी सवयीने सही केली तर ऑफिसातल्या बाईंनी तो परत केला: सही त्याची हवी.

जूनच्या पहिल्या आठवड्यात मैदानावर घडीच्या खुर्च्यांवर बसून पदवीदान बघितलं. त्याच्या गळ्यात हार, माझ्या पर्समध्ये फोन, आणि फोनमध्ये अजून न लागलेला ग्रेड. फोटोत मी हसते आहे. जवळून बघितलं तर कळतं.

९ जूनला ग्रेड लागले. कॅल्क्युलस: ६८.४. डी प्लस.

५८ वरून ६८.४ पर्यंत आलेल्या पोराला शाबासकी द्यायची की काय करायचं, कुणाला सुचेना. त्याने सरांना एक ईमेल केली, वर नेता येईल का म्हणून. सरांनी दोन ओळींत नम्रपणे नाही म्हटलं. मी रागावले, पण दीड टक्क्यापेक्षा जास्त वर न्यायला सर काही देव नव्हते.

मग नवऱ्याने एक्सेल उघडलं. त्याला दुःख झालं की तो एक्सेल उघडतो. युसीच्या हिशेबात एपीच्या विषयाला एक गुण जास्त, पण फक्त सी किंवा वरच्या ग्रेडला. डीला तो जादा गुण नाही. पहिली सहामाही: कॅल्क्युलस सी म्हणजे ३, फिजिक्स (तेही जादा गुणाचं) बी म्हणजे ४, कॉम्प्युटर सायन्सही तसंच, बी म्हणजे ४, इंग्लिश बी म्हणजे ३, गव्हर्नमेंट साधं पण ए म्हणजे ४. झाले १८. दुसरी: कॅल्क्युलस डी म्हणजे फक्त १, फिजिक्स सी म्हणून ३, कॉम्प्युटर सायन्स ४, इंग्लिश सी म्हणून २, इकॉनॉमिक्स बी म्हणून ३. झाले १३. दहा ग्रेडचे ३१, म्हणजे ३.१. काठावर का होईना, जीपीएची अट वाचली होती. मोडली होती ती एकच, डीची. शाळेच्या कार्डावरचा जीपीए वेगळ्या रीतीने काढलेला असतो. तो बघून धीर धरू नका आणि सोडूही नका, हा हिशेब हाताने करा.

१० जूनला मी ॲडमिशन ऑफिसला फोन लावला. पन्नास मिनिटं तेच ते संगीत. शेवटी एक तरुण आवाज आला. मी सुरुवात केली, माझ्या मुलाला तुमच्याकडे प्रवेश मिळाला आहे आणि… त्याने मला मध्येच थांबवलं, पण फार गोड शब्दांत. अर्जदार तिथे आहे का? त्याच्याशीच बोलता येईल. अर्जदार सोफ्यावर पाय पोटाशी घेऊन बसला होता. मी फोन पुढे केला. त्याने हातांनी ‘नको, नको’ केलं. मी फोन तसाच धरून उभी राहिले. अखेर त्याने घेतला. तीन मिनिटं बोलला. बहुतेक “येस” आणि “ओके”, एकदा “आय गॉट अ डी प्लस”, ते एवढ्या हळू की पलीकडच्याने परत विचारलं आणि याला परत सांगावं लागलं.

निष्पन्न इतकंच, पोर्टलवर एक फॉर्म आहे, तो भरा, काय झालं ते लिहा आणि काय करणार आहात ते लिहा. फोनवर कुणी काही ठरवत नाही. म्हणजे फोन करून उपयोग शून्य, असं मी तेव्हा म्हणाले. आता वाटतं, तो फोन माझ्या कामाचा नव्हता, त्याच्या कामाचा होता.

आता पत्र. पहिला मसुदा मी लिहिला, हे कबूल करायला हवं. माझ्या सासूबाई साताऱ्याला असतात. जानेवारीत त्यांचं मोतीबिंदूचं ऑपरेशन झालं आणि नवरा दोन आठवडे तिकडे जाऊन आला. माझ्या मसुद्यात त्याचं ‘कुटुंबातील गंभीर आजारपण’ झालं होतं, वडील ‘दीर्घकाळ’ परदेशी होते आणि मुलाच्या मनावर ‘खोल परिणाम’ झाला होता. वाचून माझेच डोळे भरून आले.

लेकाने वाचलं आणि लॅपटॉप माझ्याकडे सरकवला. “आई, आजीचं जानेवारीत झालं. फेब्रुवारीत ती मला व्हॉट्सॲपवर कोडी पाठवत होती. माझे गृहपाठ मार्चपासून राहिले.”

“ते त्यांना कुठे कळतंय?”

“मला कळतंय ना.”

मी गप्प बसले. पुढचा मसुदा त्याचा, चौदा ओळींचा. प्रवेश मिळाल्यावर मी अभ्यास सोडला, याला दुसरं कारण नाही. एप्रिलमध्ये लक्षात आल्यावर काय केलं, ग्रेड कुठून कुठे आला. उन्हाळ्यात कम्युनिटी कॉलेजात कॅल्क्युलसच्या वर्गाला नाव नोंदवलं आहे, तो अमुक तारखेला संपतो, तो चालेल का, दुसरा घ्यायला हवा का. बास. मी फक्त एक स्पेलिंग सुधारलं. काउन्सेलर बाईंना दाखवलं, त्या म्हणाल्या, यातलं ‘आय ॲम सो सॉरी’ तीनदा आहे, एकदा ठेव. १२ जूनला पाठवलं. पाठवायच्या आधी फॉर्मच्या पानाचा फोटो काढून ठेवला, नंतर विश्वास बसावा म्हणून.

खरंच घरात आजार, मृत्यू, काही मोठं झालं असेल तर जरूर लिहावं, डॉक्टरांचा कागद जोडावा. ते विचारात घेतात. पण नसेल तर ओढूनताणून आणू नये. सासूबाईंना रविवारच्या फोनवर नातवानेच सगळी हकिकत सांगितली. त्या मला म्हणाल्या, “अगं, माझ्या मोतीबिंदूवर खापर फोडणार होतीस होय? आणि त्यांनी डॉक्टरांचं सर्टिफिकेट मागितलं असतं म्हणजे?” नवऱ्याने स्पीकर बंद केला नाही.

कम्युनिटी कॉलेजची नोंदणी वाटते तेवढी पटकन होत नाही. ऑनलाइन अर्ज फुकट आहे, पण विद्यार्थी क्रमांक यायला दोन-तीन दिवस लागतात. कॅल्क्युलसला बसायचं तर आधीचं गणित झालंय याचा पुरावा द्यावा लागतो, त्याला आमचा आठवडा गेला. मेमध्येच सुरुवात केली म्हणून निभावलं. जूनमध्ये केली असती तर वर्ग भरले असते. फी मात्र सुसह्य आहे, राज्यातल्या रहिवाशांना एका युनिटला ४६ डॉलर. पाच युनिटांचे २३०, वर आरोग्य आणि इतर बारीकसारीक फी. हायस्कूलमध्ये असताना हे वर्ग घेतले तर ही ४६ची फी सहसा माफ असते. डिप्लोमा हातात पडला की मोजायची. पुस्तक एका सीनियर मुलीकडून उसनं मिळालं.

वर्ग १६ जूनला सुरू झाला आणि विद्यापीठाचं उत्तर आलेलं नव्हतं. सहा आठवड्यांत आख्खी सहामाही कोंबलेली, सोमवार ते गुरुवार रोज तीन तास. पैसे परत मिळण्याची मुदत अशा छोट्या सत्रात दोन-तीन दिवसांतच संपते. नवरा म्हणाला, उत्तर येईपर्यंत थांबू. मी म्हटलं, २३० डॉलरसाठी थांबायचं तर थांब, मी भरते. भरले. त्या महिन्यात आमचं दोघांचं एवढं एकच भांडण झालं, आणि तेही पैशांवरून नव्हतं हे दोघांनाही ठाऊक होतं.

वाट बघण्याबद्दल लिहिण्यासारखं काही नाही. पोर्टल दिवसातून दहादा उघडणं. डॉर्मसाठी आणलेल्या लांब गादीच्या चादरी, पावतीसकट पिशवीत. मंडळाच्या पिकनिकला न जाणं. एका मैत्रिणीने सरळच विचारलं, “काय गं, गायब?” तिला सांगितलं. ती जरा थांबून म्हणाली, आमच्या थोरलीलाही असंच पत्र आलं होतं, तीन वर्षांपूर्वी. आणि त्या वर्षी तिने लाडू वाटले होते, मी खाल्ले होते.

दुसरी वाट काय, हेही तेव्हाच शोधून ठेवलं, आणि त्याने झोप जरा लागायला लागली. कम्युनिटी कॉलेजात दोन वर्षं करून युसीत बदली घेता येते. सहा कॅम्पस, डेव्हिस, अर्व्हाईन, मर्सेड, रिव्हरसाइड, सँटा बार्बरा आणि सँटा क्रूझ, ठरलेले विषय आणि जीपीए पूर्ण केल्यास बदलीची हमीच देतात. बर्कली, लॉस एंजेलिस आणि सॅन डिएगो देत नाहीत. लेक ही माहिती वाचून म्हणाला, “मग एवढं रडायला काय झालंय?” त्याच्या तोंडून ते ऐकवेना, पण खोटं नव्हतं.

३० जूनला, म्हणजे अठराव्या दिवशी उत्तर आलं. प्रवेश तूर्त कायम. उन्हाळी वर्गात सी किंवा जास्त मिळवायचा आणि त्याचं अधिकृत ट्रान्सक्रिप्ट ८ ऑगस्टपर्यंत पोहोचवायचं. नाही तर प्रवेश रद्द. तोपर्यंत खात्यावर होल्ड, म्हणजे पुढची कामं अडलेली. त्याला फोन केला, तो वर्गात होता, मध्यंतरात त्याने परत फोन केला तेव्हा सांगितलं. “ओके,” म्हणाला. मग थोड्या वेळाने, “आई, आज इंटिग्रेशनची टेस्ट आहे, ठेवू का?”

शाळेच्या ट्रान्सक्रिप्टमध्ये आणखी एक खड्डा होता, त्यात आम्ही पडता पडता राहिलो. ऑनलाइन मागवलं की लगेच जातं, पण जे त्या क्षणी नोंदलेलं असेल तेच जातं. अंतिम ट्रान्सक्रिप्टवर दुसऱ्या सहामाहीचे ग्रेड आणि पदवीची तारीख, दोन्ही छापलेलं लागतं. आम्ही ११ जूनला मागवणार होतो, तेव्हा ग्रेड होते पण तारीख चढली नव्हती. रजिस्ट्रार बाई म्हणाल्या, २० जूननंतर मागवा, आणि आधी एक प्रत स्वतःसाठी काढून बघा. १० डॉलर जास्त गेले, पण तारीख डोळ्यांनी बघितली. पाठवल्यावर पोर्टलवर ‘मिळालं’ दिसायला नऊ दिवस लागले. १ जुलै उलटून गेली तेव्हा तिथे ‘प्रतीक्षेत’च होतं. पाठवल्याची पावती जपून ठेवली होती म्हणून फक्त निम्मा जीव गेला.

जुलै लागल्यावर एपीचे गुण आले. कॅल्क्युलसमध्ये पाचपैकी चार. परीक्षेत चार आणि वर्गात डी! गणित येत नव्हतं असं नव्हतंच, ते करून दिलं नव्हतं. मला वाटलं आता हे दाखवलं की प्रश्न मिटला. गुण पाठवले, पण काउन्सेलर बाई म्हणाल्या तसंच झालं: अट ग्रेडची होती, गुणांनी ती हटली नाही.

उन्हाळी वर्ग २४ जुलैला संपला. बी मिळाला. दोन मार्कांनी ए हुकला म्हणून चिरंजीव हळहळत होते, तेव्हा मी बोलायचं टाळलं. कॅलिफोर्नियातल्या कम्युनिटी कॉलेजांत पहिली दोन ट्रान्सक्रिप्टं फुकट असतात, पण ग्रेड रजिस्ट्रारकडे चढेपर्यंत मागवायचं नाही, नाहीतर ‘चालू आहे’ असा कागद जातो. ३१ जुलैला चढला, त्याच दिवशी पाठवलं, ४ ऑगस्टला पोहोचलं. १३ ऑगस्टला सकाळी होल्ड गेलेला दिसला. ईमेल वगैरे काही आली नाही, लाल पट्टी होती ती नव्हती. त्याने पान दोनदा परत उघडून बघितलं, मग मला हाक मारली.

यावेळी पेढे वाटले नाहीत. साताऱ्याला फोन केला, तिकडे रात्र झाली होती, सासूबाई म्हणाल्या बरं झालं, आता झोपते.

नुकसान झालं ते एवढंच की होल्डमुळे त्याला ओरिएंटेशनच्या शेवटच्या तुकडीत टाकलं, आणि विषय निवडायचे असतात ते तिथेच. तोवर बाकीच्यांनी सोयीच्या वेळा उचलून नेल्या होत्या. सप्टेंबरअखेर त्याचे वर्ग सुरू होतील. गणिताचा मिळाला आहे तो सकाळी आठचा.